बालभारतीची पीडीएफ, दीक्षा आणि अँकी: लॉकडाऊनमधल्या फुकट अभ्यास-साधनांचं परीक्षण

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला होता. २३ तारखेचा तो पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच झाला. पुढच्या तुकडीचं तर अख्खं वर्ष घरात गेलं. २०२०-२१ चा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी झाला, तरी लेखी परीक्षा काही झाली नाही. नववीचे ५० आणि दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ५० असे गुण धरून निकाल लागला. त्या काळात नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या अभ्यासिकांना कुलपं, क्लास बंद, आणि १८४० पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयाचं दारही लावलेलं. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात काय किंवा पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर काय, उरला होता तो घरातला एक मोबाइल आणि त्यावर फुकट मिळणारी साधनं.

त्या साधनांचं हे परीक्षण. शाळा केव्हाच उघडल्या, पण क्लास न लावता घरी अभ्यास करणारी मुलं आजही हीच साधनं वापरतात, आणि तेव्हा झालेल्या चुका आजही तशाच होतात.

कस एकच लावला आहे: पुस्तक किंवा व्हिडिओ बंद केल्यावर हे साधन मुलाला काही आठवायला, लिहायला लावतं का? रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हापुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे. व्हिडिओ संपल्यासंपल्या 'समजलं' असं जे वाटतं, ते पाच मिनिटांनंतरच्या चाचणीचं वाटणं असतं. लॉकडाऊनमध्ये असंख्य मुलांचा अभ्यास या वाटण्यावरच चालला होता.

ई-बालभारतीची पीडीएफ (पाचपैकी साडेचार)

सर्वांत उपयोगी पडली ती सर्वांत साधी गोष्ट. संकेतस्थळावर जायचं, इयत्ता आणि माध्यम निवडायचं, पुस्तक उतरवून घ्यायचं. पैसे नाहीत, आणि एकदा उतरवलं की नेटही लागत नाही. सुरगाण्याच्या डोंगरात जिथे रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं, तिथे हा एकच गुण पुरेसा आहे.

अडचण पडद्याची. पान मोठं, मोबाइल सहा इंची. उभा धरला तर अक्षर बारीक, मोठं केलं तर प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसायचं, आणि आकृती एकीकडे, तिचं वर्णन दुसरीकडे. फोन आडवा करून पानाची रुंदी पडद्याला बसवली की निम्मा त्रास जातो. उरलेल्या निम्म्यावर उपाय म्हणजे छपाई, पण संपूर्ण पुस्तकाची नव्हे. प्रत्येक धड्यामागचा स्वाध्याय आणि गणितातले सरावसंच, एवढीच पानं काढून आणावीत. झेरॉक्सवाल्याला काळ्या-पांढऱ्यात काढायला सांगितलं की पुस्तकातल्या रंगीत चौकटी करड्या होतात आणि त्यातली अक्षरं बुडतात. म्हणून आधी एक पान काढून बघावं, गरज असेल तर कॉन्ट्रास्ट वाढवायला सांगावं आणि मगच बाकीचा गठ्ठा काढावा.

ही पुस्तकं एकट्याने शिकायला वाटतात त्यापेक्षा बरी आहेत, फक्त मुलं नेमका तो भाग वगळतात. विज्ञानात 'थोडे आठवा', 'जरा डोके चालवा', 'करून पहा' अशा चौकटी असतात. शिक्षक समोर असतील तर ते त्यावर थांबवतात. घरी कोणी थांबवत नाही आणि बोट पडद्यावरून सरळ पुढच्या परिच्छेदावर जातं. यावर उपाय यांत्रिक आहे: 'थोडे आठवा'ची चौकट आली की फोन पालथा ठेवायचा, वहीत दोन ओळी लिहायच्या आणि मगच पुढे जायचं. धडा संपला की कोऱ्या पानावर आठवेल ते सगळं लिहायचं, मग पीडीएफ उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाच्या पेनाने भरायचं. तो दुसरा रंग म्हणजे उद्याचा अभ्यास.

गणितात मागे उत्तरसूची आहे, पण तिथे फक्त शेवटचं उत्तर असतं. पायरी कुठे चुकली हे त्यातून कळत नाही. म्हणून सोडवलेली उदाहरणंच सरावसंचासारखी वापरावीत. उकल कागदाने झाकायची, स्वतः सोडवायचं, मग कागद एकेक ओळ खाली सरकवत ताडून पाहायचं. दहावीच्या वर्गसमीकरणांत तर उत्तरसूचीची गरजच पडू नये. दोन मुळं मिळाली की त्यांची बेरीज आणि गुणाकार करावा आणि सहगुणकांशी जुळतो का पाहावं. बेरीज आकड्याने बरोबर पण चिन्हाने उलटी आली, तर सूत्रात मधल्या सहगुणकाचं चिन्ह बदलायचं राहिलं आहे हे ओळखावं. या धड्यात सर्वांत जास्त गुण याच एका चिन्हापायी जातात.

अर्धा गुण कापला आहे तो भूमितीसाठी. भौमितिक रचना पडद्यावर बघून कळतात, पण हाताला सवय होत नाही. तिथे कंपास, पट्टी आणि कोरे कागद, दुसरा इलाज नाही.

दीक्षा (पाचपैकी तीन)

दीक्षा हे केंद्र सरकारचं व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड त्याच्याशी जोडलेले आहेत. कल्पना उत्तम: धडा उघडा, कोड स्कॅन करा, त्या धड्याचा व्हिडिओ किंवा प्रश्नमंजूषा समोर.

लॉकडाऊनमध्ये यातली गंमत अशी झाली की पुस्तकच मोबाइलवर. आता त्या मोबाइलने त्याच मोबाइलमधला कोड स्कॅन कसा करायचा? अनेक घरांत दीक्षा इथेच बंद पडली. उपाय अगदी सोपा होता: क्यूआर चौकोनाखाली सहा अक्षर-अंकांचा एक कोड छापलेला असतो. ॲपमध्ये किंवा दीक्षाच्या संकेतस्थळावर तो टाइप केला की तेच पान उघडतं. आजही पुष्कळ पालकांना हे माहीत नसतं.

दुसरी कामाची सोय म्हणजे उतरवलेला मजकूर फाइल म्हणून दुसऱ्या फोनला देता येतो, तेही नेट नसताना. एकाने तालुक्याच्या गावी जाऊन, चांगली रेंज पकडून विषयाचे धडे उतरवायचे आणि वस्तीवरच्या चार फोनांत वाटायचे, हे जमण्यासारखं आहे. फोनची जागा भरते, तेव्हा मेमरी कार्डावर साठवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन आधीच चालू करावा. अर्ध्यावर जागा संपली तर उतरवणं थांबतं.

गुण कापलेत ते मजकुराच्या चढ-उतारामुळे. एका धड्याला नेटका व्हिडिओ आणि प्रश्न, तर पुढच्या धड्याला नुसती पुस्तकातली पानं वाचून दाखवलेली. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी पुस्तक वाचायचं, अडलेल्या जागी खूण करायची आणि व्हिडिओ फक्त त्या खुणेपुरता बघायचा. प्रश्नमंजूषा मात्र सोडू नये, आणि ती व्हिडिओनंतर लगेच न सोडवता दुसऱ्या दिवशी सकाळी सोडवावी.

अँकी (सातत्य असेल तर पाच, नसेल तर एक)

आठवणीची कार्डं दाखवणारं हे सॉफ्टवेअर. अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड नावाने फुकट आहे, संगणकावरही फुकट. आयफोनवरचं अधिकृत ॲप मात्र विकतचं. देवनागरी नीट दिसते, गूगलच्या मराठी कीबोर्डने कार्डं सहज लिहिता येतात. पुढे प्रश्न, मागे उत्तर. उत्तर बरोबर आलं तर कार्ड उद्या, मग काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी परत येतं. चुकलं तर लगेच. माणूस विसरायच्या बेतात असताना विचारायचं, हे यामागचं तत्त्व.

साधन अव्वल आहे, पण ते कसं चालवायचं हे कोणी शिकवत नाही, त्यामुळे बहुतेक जण तीन आठवड्यांत सोडून देतात. का सोडतात याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण म्हणजे फुगलेलं कार्ड. 'केप्लरचे नियम सांगा' असं कार्ड केलं की त्यात तीन नियम येतात. दोन आठवले, एक नाही, तर आता बरोबर म्हणायचं की चूक? याचीच चार कार्डं करावीत. 'ग्रहांच्या कक्षेचा आकार कोणता?' 'सूर्य त्या कक्षेत कुठे असतो?' 'ग्रहाला सूर्याशी जोडणारी रेषा समान कालावधीत काय व्यापते?' 'आवर्तकालाचा वर्ग कशाच्या समानुपाती?' प्रत्येकाचं उत्तर दोन-चार शब्दांत. तसंच 'पृथ्वीचा मुक्तिवेग?' – ११.२ किमी प्रतिसेकंद. 'गुरुत्वत्वरण जास्त कुठे, ध्रुवावर की विषुववृत्तावर?' – ध्रुवावर, आणि 'का?' हे वेगळं कार्ड. 'का'ची कार्डं केली नाहीत तर पाठांतर पक्कं होतं आणि 'शास्त्रीय कारणे लिहा' या प्रश्नात दांडी उडते.

दुसरं कारण बटणांचं. उत्तर दाखवल्यावर चार पर्याय येतात: पुन्हा, कठीण, बरोबर, सोपं. मुलं विसरलेल्या कार्डावर लाजून 'कठीण' दाबतात. पण अँकीच्या हिशेबात 'कठीण' म्हणजे आठवलं, जरा कष्टाने आठवलं, एवढंच. विसरलेलं कार्ड 'कठीण' म्हणून पुढे ढकललं की ते आणखी काही दिवसांनी येतं आणि तेव्हाही आठवत नाही. शिवाय अँकीच्या जुन्या हिशेबपद्धतीत दरवेळी 'कठीण' दाबल्यावर त्या कार्डाची वाढीची गती कायमची कमी होते आणि तीच ती कार्डं सारखी तोंडासमोर येत राहतात. नियम साधा ठेवावा: आठवलं तर 'बरोबर', नाही आठवलं तर 'पुन्हा'. बाकीची दोन बटणं पहिले काही महिने नाहीतच असं समजावं.

तिसरं कारण हिशेबाचं, आणि सगळ्यात जास्त बळी याचेच. ॲप रोज २० नवी कार्डं देतं, ही त्याची मूळ मांडणी. सुरुवातीला हौस असते, वीस कमी वाटतात, कोणी पन्नास करतं. पण प्रत्येक नवं कार्ड पुढे अनेकदा परत येणार असतं. ढोबळ हिशेब असा की काही आठवड्यांनी रोजच्या उजळणीची संख्या नव्या कार्डांच्या सात ते दहापट होते. म्हणजे २० नव्यांना १५०-२०० जुनी. शाळकरी मुलाने ८ ते १० नवी ठेवावीत. मग उजळणी शंभराच्या आत राहते आणि पंधरा-वीस मिनिटांत आटपते.

गणपतीत चार दिवस खंड पडला आणि ॲप उघडल्यावर चारशे कार्डं थकलेली दिसली, की बहुतेक मुलं ॲप बंद करतात, पुन्हा न उघडण्यासाठी. अशा वेळी नव्या कार्डांची मर्यादा शून्यावर आणावी, रोजच्या उजळणीची मर्यादा झेपेल एवढी ठेवावी आणि थकबाकी हळूहळू फेडावी. सगळा गठ्ठा एका बैठकीत संपवायला जाऊ नये.

एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की अँकी त्यावर खूण करतं. ही शिक्षा नव्हे, सूचना आहे: कार्ड वाईट लिहिलंय, फोडून पुन्हा लिहा. आणि एक, दुसऱ्यांनी केलेले तयार संच उतरवू नयेत. मराठी माध्यमाचे संच तसेही थोडे, पण मुद्दा तो नाही. कार्ड स्वतः लिहिताना जो धडा चाळला जातो, तोच निम्मा अभ्यास असतो.

ज्या घरात फोन वडिलांबरोबर सकाळी द्राक्षबागेत किंवा अंबडच्या कंपनीत जातो, तिथे अँकीचा उपयोग नाही. तिथे कागदी पेटी चालते, आणि उत्तम चालते. ही सेबास्टियन लाइटनर यांची १९७० च्या दशकातली पद्धत आहे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून कार्डं करावीत, बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे आडोसे लावून पाच कप्पे करावेत. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं थेट पहिल्यात, मग ते पाचव्यातून आलेलं का असेना. यात मुलं हमखास जी लबाडी करतात ती म्हणजे चुकलेलं कार्ड एकच कप्पा मागे ठेवणं. तसं केलं की पहिला कप्पा रिकामा दिसतो आणि अभ्यास झाल्यासारखा वाटतो.

बाकीचं थोडक्यात

ऑनलाइन तास: दोन गुण, तेही शिक्षकांच्या कष्टांना. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांनी तास तुटायचा. दिवसाला दीड जीबीचं पॅक आणि घरात दोन भावंडं, म्हणजे दुपारीच नेट संपलेलं. रेकॉर्डिंग मिळत असेल तर थेट तासाला हट्टाने बसण्यापेक्षा ते ३६० पीला बघणं परवडतं. ७२० पीला डेटा तिप्पट-चौपट जातो, आणि फळा दोन्हीकडे वाचता येतो. सह्याद्री वाहिनीवरचे शैक्षणिक कार्यक्रम लहान मुलांना बरे होते, डेटा शून्य, पण टीव्ही थांबत नाही. लिहून घ्यायला थांबलं की पुढचं गेलं. क्लासवाल्यांची रंगीत, विकतची ॲप या कसात बसतच नाहीत. त्यांचा जोर मुलाला पुढचा व्हिडिओ लावायला लावण्यावर असतो.

देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या एनटीएचं 'नॅशनल टेस्ट अभ्यास' हे ॲप मे २०२० मध्ये आलं. जेईई आणि नीटच्या पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा, फुकट. प्रश्नांच्या दर्जासाठी माझे पाचपैकी चार गुण. पण एमएचटी-सीईटीची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेची, तयारी याच्यावर करणाऱ्यांनी जपून. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे तिथे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नसतो. नीटच्या सरावाने सोडून देण्याची जी सवय लागते, ती सीईटीत नडते. सीईटीत गणिताचा प्रश्न दोन गुणांचा, भौतिक-रसायनचा एकाचा, आणि भर बारावीवर, अकरावीचा वाटा २० टक्केच. वेळेची वाटणी त्या हिशेबाने करावी. तीन तासांची परीक्षा दिली की निदान तेवढाच वेळ चुका तपासायला द्यावा. वहीत प्रत्येक चुकीपुढे एकच शब्द लिहावा: 'माहीत नव्हतं', 'सूत्र' किंवा 'घाई'. पाच परीक्षांनंतर वही चाळली की घाईचा रकाना सगळ्यात लांब निघतो, आणि त्यावर आणखी व्हिडिओ बघून काही होत नाही.

इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन अभ्यासक्रम. शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेची फी हजार रुपये. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंटच्या सरासरीला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन. असाइनमेंट ग्रुपवर आलेल्या उत्तरांनी भरण्याची साथ लॉकडाऊनमध्येच फोफावली. त्या २५ टक्क्यांत पूर्ण गुण मिळवून ७५ मध्ये ३० न गाठणारे त्यातूनच निघतात. व्याख्यानाची लिखित प्रत बरोबर मिळते, ती आधी वाचून मग व्हिडिओ दीडपट गतीने लावला तर व्हिडिओचा एक तृतीयांश वेळ वाचतो.

आणि घराजवळचं

नाशिककरांनी यात आपल्याच गावचं एक साधन फारसं विचारात घेतलं नाही, याचं नवल वाटतं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं, ते गंगापूर धरणाच्या वाटेवर, गोवर्धन शिवारात आहे आणि त्याचा सगळा डोलाराच शिक्षक समोर नसलेल्या विद्यार्थ्यावर उभा आहे. तिथली पुस्तकं त्याच हिशेबाने लिहिलेली असतात: घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्येमध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. काही पुस्तकांची भाषा जड आहे, मांडणी रुक्ष आहे, देखणेपणाला एकही गुण मिळणार नाही. पण कला-वाणिज्य शाखेच्या पदवीला घरी बसून अभ्यास करायचा असेल, तर बाजारातल्या गाइडपेक्षा ही पुस्तकं केव्हाही सरस.

शाळकरी मुलांनी निदान मांडणीची ही रीत उचलावी. धडा उघडण्याआधी स्वाध्यायातले तीन प्रश्न वहीच्या डोक्यावर लिहायचे, मग धडा वाचायचा, आणि पुस्तक मिटून त्या तिन्हींची उत्तरं लिहायची. रोजची बैठक पहाटे साडेपाच ते साडेसात धरावी: घर शांत, रेंज मोकळी, आणि फोनची कोणाला गरज नसते. फोनवरच वाचायचं असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंगमधला फोकस मोड लावून पीडीएफ आणि अँकी सोडून बाकी सगळं बंद ठेवावं. बोर्डाच्या परीक्षेला तीन आठवडे उरले की अँकीत नवी कार्डं घालणं थांबवावं. तिथून पुढे फक्त जुन्यांची उजळणी आणि घड्याळ लावून सोडवलेल्या कृतिपत्रिका.